सात नंबरची खोली

वयाच्या बाविसाव्या वर्षी मी एक खून करायचं ठरवलं, आणि तोही तत्त्वासाठी.

आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं येत नसत, पत्रकं येत. वडिलांनी मला अक्षरओळख करून दिली ती संपाच्या पत्रकांवरून. रहस्यकथा म्हणजे जनतेला चारलेली अफू, हे माझं ठाम मत होतं. पण जनता माझ्या पत्रकांत शेंगदाणे बांधायची आणि रहस्यकथा जेवण सोडून वाचायची! तेव्हा विचार पोचवायचा तर खुनातूनच, असा मी निर्णय घेतला.

पहिली कथा एका मासिकाच्या संपादकांनी माझ्यासमोरच वाचून परत दिली. म्हणाले, तुमच्या कथेत कारखानदार आला की खुनी कोण ते कळतं. घाटकोपरला चाळीत राहता ना? मग आधी माणसं बघायला शिका. कोण कधी येतं, कधी जातं, टिपून ठेवा.

मी पंधरा दिवस गॅलरीत बसून टिपलं.

सोळाव्या दिवशी परबांचं गजराचं घड्याळ नाहीसं झालं. चाळ गोळा झाली. मी पुढं झालो, माझ्याकडे सगळ्यांच्या नोंदी आहेत असं जाहीर केलं आणि वही मोठ्यानं वाचू लागलो. पाच नंबर, परब : गुरुवारी दुपारी कुलूप, कडी ढिली. सात नंबर, सावंत : दहा ते पाच रिकामी. मान वर केली तेव्हा सगळे गप्प होते. (इतकी शांतता मला माझ्या एकाही भाषणात मिळाली नव्हती.)

“ह्या कशाक लिवलंस रे?” परबांनी विचारलं.

“खुनासाठी,” मी प्रामाणिकपणे सांगितलं.

शिवाय चोरीचं मूळ समाजरचनेत कसं असतं, तेही समजावून दिलं. त्यावर परबांनी पायांत चपला घातल्या. पोलीस चौकी दहा मिनिटांवर होती. जन्मात कुणापुढं मान न झुकवलेले माझे वडील जमिनीकडं पाहत होते.

तेवढ्यात आईनं माझ्या हातातून वही घेतली. (रहस्यकथा ती आम्हां दोघांपासून लपवून वाचायची, हे मला त्या दिवशी कळलं.)

“परब, गुरुवारी दुपारी तुम्ही कुठं होता?”

“रजा होती. घरीच झोपलंय.”

“ह्यानं कुलूप लिहिलंय. आणि सावंतांच्या आत्या?”

सात नंबरच्या दाराआडून आवाज आला, “मी हयच आसंय. खंय जातलंय?”

चार वर्षं त्या तिथं वाती वळत बसत होत्या. मी चार पावलांवर बसून खोली रिकामी लिहिली होती.

“ही वही घेऊन हा चोरीला निघाला असता,” आई म्हणाली, “तर प्रत्येक खोलीत सापडला असता.”

चाळीला ते एकमतानं पटलं. निदान एखाद्यानं तरी माझ्यावर संशय ठेवायला हवा होता, असं मला वाटून गेलं.

“मग घड्याळ गेलं कुठं?” आईनं विचारलं.

“ता परबाच्या मेव्हण्यान न्हेल्यान, दुरुस्तीक,” आत्या आतून म्हणाल्या. “माका कोणी इचारूकच नाय.”

मी वहीतलं ‘रिकामी’ खोडलं आणि तिथं त्यांचं नाव लिहायला गेलो. ते मला ठाऊक नव्हतं. जनतेच्या या कैवाऱ्याला दार ठोठावून विचारावं लागलं. आत्यांनी वही पाहिली, मला पाहिलं आणि नाव सांगण्याआधी एकच अट घातली :

“गोष्टीत माका मारूचा नाय हां.”