राखलेला आवाज

सकाळपासून घसा बसलाय, अंगही मोडून आलंय. कोमट पाण्यात मीठ-हळद घातली, पेला तोंडाजवळ नेला आणि त्या वासानं आण्णा आठवले.

फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की माझे वडील रोज अशाच गुळण्या करायचे. आमच्या पेठेतल्या तालमीचा पुरुषांचा फुटबॉल संघ होता; त्याच्यासाठी गॅलरीत त्यांच्याएवढं कुणी ओरडत नसे.

मी शाळेत असताना एका वर्षी आम्हा मुलींची लीगही त्याच मैदानावर होती, पण भर दुपारी. मैदानावर पाणी मारायचे ते उन्हं कलल्यावर, पुरुषांच्या सामन्याआधी. शेवटचा सामना आम्हाला जिंकायलाच हवा होता. त्या फुफाट्यात मी गोल मारला आणि आधी गॅलरीकडे बघितलं. डोक्यावर रुमाल टाकून आण्णा बसले होते. त्यांनी नुसता हात वर केला.

सामना संपल्यावर मी विचारलं, "आण्णा, तुम्ही ओरडला न्हाईसा?"

"संध्याकाळी तालमीची म्याच हाय की गं. आवाज राखून ठेवलाय."

मला ते पटलंसुद्धा. तो राखलेला आवाज ऐकायला मी संध्याकाळी त्यांच्याच शेजारी बसले, धुळीनं भरलेल्या जर्सीत.

काल माझ्या लेकीचा सामना होता. अजूनही भर दुपारीच.

"संध्याकाळी तालमीची म्याच हाय. येणार न्हवं?" आत्ता नवऱ्यानं दारातून विचारलं.

मी नुसतं घशाकडे बोट दाखवलं. होता नव्हता तो सगळा आवाज मी काल दुपारीच संपवून आले होते.