कुरुंद्यातली पिवळी लेकरं

बाळंतिणीच्या खोलीत बसलं की किस्से आपोआप साचतात, आणि माझा तर जन्म तिथंच गेला! निजामाच्या राज्यात कुरुंद्यातली तान्ही लेकरं न्हाऊ घालायचं काम माझं. लेकरू जन्मल्यावर थोडं पिवळं पडतंच, बहुतेकांचं आपोआप उतरतं. पण आपोआप उतरू देतील तर त्या आया कसल्या? माळा, मंत्र, उतारे... मी हसून सोडून द्यायचे. भीती वाटायची ती एकाच उपायाची. डाग! तापल्या सुईनं कोवळ्या पोटाला चटका.

* * *

एकीनं कांती यावी म्हणून लेकराला रोज हळद चोळली. मग तिनंच बोंब ठोकली, "बाई, माझं पोरगं पिवळं पडून राहिलं वो!"

मी साबण लावून धुतलं. झालं गोरं!

"तुमच्या हाताला गुण हाय," म्हणत पाया पडली. दुसऱ्या दिवशी गेले, तर पुन्हा हळद चोळणं चालू!

* * *

कावीळ उतरली की गळ्यातली मुळ्यांची माळ लांब होते म्हणे. एका बापाला नरसीच्या जत्रेची घाई. बायको म्हणाली, "माळ लांब झाल्याबिगर घर सोडायचं न्हाई."

यानं माळ धरली, ओढली. "घे, उतरली!" म्हणाला आणि बैलगाडी जुंपली.

* * *

परगावचा एक महाराज यायचा. गॅरंटीचा उपाय! आईचे हात चुन्याच्या पाण्यानं धुवायचे, पाणी पिवळं झालं की लेकराची कावीळ निघाली. पण आमच्याकडं आला तो नेमका हळद शिजवायच्या दिवसांत. बायांचे हात कोपरापर्यंत हळदीचे. पाणी झालं लालभडक!

"रक्त! रक्त उतरलं!" महाराज दचकून उठला.

हळदीत चुना पडला की लाल होतं, हे आमच्या शेंबड्या पोरींनाही ठाऊक. दारातली म्हातारी म्हणाली, "कुंकू झालंय महाराज. घरच्या बाईला घेऊन जा थोडं!"

* * *

आणि यमुना. पहिलटकरीण. पोरगा झाला तशी सासू गावभर सांगत सुटली, "नाक बापाचं, कान बापाचे, रंग बी बराबर माझ्या किसनचा!"

लेकरू पिवळं पडलं अन् बोली फिरली. "हिनंच पिवळं वरण वरपलं!" वरण बंद, हळद बंद. ओल्या बाळंतिणीला नुसती भाकर आणि मीठ. माझा जीव तुटायचा. मी तोंड उघडलं तर सासू म्हणाली, "तू तुझं पाणी ओत!"

एका सकाळी गेले, तर चुलीत सुई तापत घातलेली.

"लेकरू चांगलं पितंय, चांगलं रडतंय. डाग काहून देता?" मी म्हटलं.

"गप ऱ्हा!"

किसन उंबऱ्यात मान खाली घालून बसलेला. नवरा कसला, नंदीबैल! यमुना उठली. लेकरू पदराखाली घेतलं.

"आत्याबाई, परवापर्यंत ह्याचा रंग बापाचा व्हता न्हवं?"

"व्हय. मग?"

"मग डाग बी बापालाच द्या. बसलेत की समोर."

किसननं झटक्यात दोन्ही हातांनी पोट झाकलं!

सासू किंचाळली, "माझ्या लेकराला डागू?"

यमुना म्हणाली, "मी बी तेच म्हणून राहिले, आत्याबाई."