खुशालरावांचा बारीक दगड

दर्यापुरात वस्तऱ्यानं दाढी करून घेणारे आता आम्ही तिघंच उरलो. त्यातला एक बहिरा आणि एक मुलखाचा भिडस्त, त्यामुळे तक्रार करायचं काम माझ्याकडे. तेहतीस वर्षं शाळेत पोरांच्या चुका काढल्या, ती खोड निवृत्त झाल्यावर जाणार थोडीच? पण खुशालरावांच्या हाताबद्दल तोंड उघडायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. त्यांचा मुलगा गोपाल त्याच दुकानात गाणी लावून, अर्ध्या ब्लेडनं कॉलेजच्या पोरांच्या दाढ्या कोरतो. खुशालराव कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीपाशी, वडलांचा वस्तरा घेऊन उभे असतात.

दिवाळीपासून मात्र त्यांनी एकच टुमणं लावलं होतं, धार बसत नाही.

वस्तऱ्याला तीन दगड लागतात, हे मला त्यांनीच शिकवलं. पहिला खरबरीत, दुसरा मधला आणि शेवटचा बारीक. बारीक दगडावर पाणी टाकून वस्तरा नुसता फिरवायचा, जोर द्यायचा नाही. मग चामड्याच्या पट्ट्यावर ओढायचा. मग अंगठा ओला करून धारेवर अलगद टेकवायचा. धार अंगठ्याला धरली की वस्तरा झाला. त्यांचे वडील असंच पाहायचे, आजोबाही असंच.

"धरतच नाई जी," खुशालराव म्हणायचे. "दगड उतरला."

"माह्या गालाले तर मस्त लागून राह्यला," मी म्हणायचो.

"मास्तर, तुमच्या गालाले काय समजते?"

ते पुन्हा दगडावर पाणी टाकायचे आणि मी साबण लावलेल्या तोंडानं पंधरा मिनिटं आरशात स्वतःकडे पाहत बसायचो.

त्यांना घाई होती ती जावळाची. लेक आरती अंजनगाव सुर्जीला दिलेली. तिचा अंकुर अकरा महिन्यांचा झाला होता आणि पुढच्या गुरुवारी त्याचं जावळ ठरलं होतं. या घरातल्या प्रत्येक लेकराचे पहिले केस याच वस्तऱ्यानं उतरले होते, गोपालचे आणि आरतीचेसुद्धा. गोपाल म्हणाला, नवं ब्लेड लावतो, पाच मिनिटांत होते. आरतीनं फोनवरच ठणकावलं, "बाबाच्याच हातानं." त्या दिवशी खुशालराव जरा खुलले. मग म्हणाले, चाला अकोल्याले, दगड पाहून येऊ.

अकोल्याच्या जुन्या बाजारात श्यामशेठचं दुकान आहे. कात्र्या, मशिनी, गळ्याभोवती बांधायची कापडं, सगळा सलूनचा माल. दगड कोणी मागत नाही, म्हणून ते मागच्या फळीवर धूळ खात पडलेले. शेठनं चार दगड पुसून काउंटरवरच्या वर्तमानपत्रावर मांडले. एक काळा, एक हिरवट, एक पिवळसर आणि एक कारखान्यातला, पांढराशुभ्र, वर आकडा छापलेला.

खुशालरावांनी पांढऱ्याकडे पाहिलंही नाही. बाकीच्या तिघांवर थेंब थेंब पाणी सोडलं. काळ्यानं पाणी पिऊन टाकलं, तो बाजूला गेला. हिरवट आणि पिवळसर दगडांवर थेंब तसाच राहिला. मग खिशातून वस्तरा आणि चामड्याचा पट्टा काढला. हिरव्या दगडावर दहा-बारा हात फिरवले, पट्ट्यावर ओढला, अंगठा टेकवला. मान हलवली. पिवळ्यावर फिरवला, पुन्हा अंगठा. पुन्हा मान हलवली. नाइलाजानं पांढऱ्यावरही फिरवून पाहिला. मग पुन्हा हिरवा, पुन्हा पिवळा, आणि अंगठा दर वेळी जास्तच जोरानं. अर्धा तास झाला. मी स्टुलावर बसून कंटाळलो होतो आणि तसं बोलूनही दाखवलं होतं.

"काका," श्यामशेठ म्हणाला, "रगत."

वर्तमानपत्रावर थेंब पडले होते, तीन-चार मोठे आणि बरेच बारीक. खुशालरावांचा अंगठा आडवा चिरला होता, एकदा नाही, दोन-तीनदा. ते त्याच अंगठ्यानं पुन्हा धार पाहायला निघाले होते.

"कवा लागलं?" त्यांनी मलाच विचारलं.

शेठनं गल्ल्यातून चिंधी काढून दिली. मग हळूच विचारलं, "शुगर हाये काय काका?"

खुशालरावांनी अंगठ्याला चिंधी गुंडाळून घेतली. मग पिवळा दगड उचलला, वस्तरा त्यावर एकदा फिरवला आणि कान देऊन ऐकलं. "हाच द्या," म्हणाले.

परतीच्या एसटीत त्यांनी सांगितलं. पायांचं दोन वर्षांपासून आहे, चप्पल निघून जाते ते कळत नाही. बोटांचं दिवाळीपासून. चहाचा ग्लास गरम आहे की गार, तेही कळत नाही. हे सगळं त्यांनी असं सांगितलं की जणू शेजारच्या कोणाचं सांगत आहेत. दिवाळीपासून दर चौथ्या दिवशी हा माणूस माझ्या गळ्यावर वस्तरा फिरवत होता. मला राग यायला हवा होता. आला नाही. भीतीही वाटली नाही. खिडकीबाहेर कापसाची पऱ्हाटी मागं जात होती, ती मी पाहत बसलो.

"घरी कोणाले सांगू नका," ते म्हणाले.

"आन् जावळाचं काय?"

"पाहू."

पुढचे तीन दिवस ते दुकानात पिवळ्या दगडाशीच होते. बुधवारी संध्याकाळी मी वस्तरा मागून घेतला आणि मनगटावर टेकवला. केस आपोआप गळून पडले. असा वस्तरा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. "झाला," मी म्हणालो. खुशालरावांनी नुसती मान डोलावली. त्या रात्री मला झोप लागली नाही. अकरा महिन्यांचं लेकरू, ते स्वस्थ थोडंच बसणार? आरतीला सांगावं असं चारदा मनात आलं. सांगितलं नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

गुरुवारी खुशालरावांच्या अंगणात पाट मांडला. मामा म्हणून गोपाल अंकुरला मांडीवर घेऊन बसला. आरतीनं केस झेलायला कणकेची पोळी ठेवलेलं ताट धरलं. खुशालराव समोर बसले, वस्तरा उघडला आणि सगळ्यांच्या देखत अंगठा धारेवर टेकवला.

"धार नाई बसली," ते म्हणाले. "दगड खराब निघाला. फसवलं त्या शेठनं."

"म्या म्हटलंच होतं," गोपाल म्हणाला.

आरतीनं माझ्याकडे पाहिलं. "होय," मी म्हणालो, "दगडच खराब हाये."

"गोपाल, तू ब्लेडनं कर," खुशालराव म्हणाले. "लेकरू मी घेतो."

"मामाची मांडी पाह्यजे ना पण बाबा," आरती म्हणाली.

"मामाचा हात लागून राह्यला ना डोक्याले. चालते."

गोपालनं नवं ब्लेड मोडून लावलं. अंकुरनं आकांत केला, पाय झाडले, आजोबांच्या सदऱ्यावर लाळ गाळली. गोपालचा हात चांगला आहे, हे त्या दिवशी मला कबूल करावं लागलं. एक ओरखडा उठला नाही. आरतीनं डोक्याला हळद-चंदन लावलं आणि बाया गूळ-खोबरं वाटायला घरात गेल्या.

लेकरू रडून दमलं होतं. खुशालरावांनी त्याच्या डोक्यावर बोटं ठेवली, पुढून मागं फिरवली, परत पुढं आणली.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "हात लावा बरं. कसं लागते?"

मी हात लावला. "मऊ हाये," मी म्हणालो. "ऊन हाये. टाळू भरली नाई अजून, बोटाखाली उडून राह्यली."

"कुठी?"

मी त्यांची बोटं धरून टाळूवर ठेवली. त्यांनी डोळे मिटले.

"नाई," ते म्हणाले. "तुमीच सांगा."