डावं-उजवं करणारी ताई

पिंपरी-चिंचवडमध्ये गेल्या काही वर्षांत विमानाची जितकी इंजिनं बंद पडली, तितकी जगातल्या कुठल्याही मोठ्या विमानतळावर पडली नसतील, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. आणि ती सगळी आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या ताईने स्वतः पाडली. काही स्वयंपाकघरात, काही जिन्यात, काही रिक्षात, बरीचशी गच्चीवर आणि एक तर थेट आमच्या मोर्चाच्या तयारीच्या बैठकीत. ताई वैमानिक आहे. दोन इंजिनांचं प्रवासी विमान चालवते, कॅप्टन आहे, खांद्यावर चार पट्ट्या आहेत. तरीही वडिलांनी फाउंड्रीतल्या नोकरीच्या जोरावर घेतलेल्या दोन खोल्यांत ती आईबरोबर राहायची, आणि ड्यूटीला निघताना कचऱ्याची बादली स्वतः खाली नेऊन ठेवायची. वैमानिक म्हटलं की लोकांना गॉगल आठवतो, ढगांवरचा सूर्योदय आठवतो. ताईच्या तोंडून मी सूर्योदयाबद्दल एक अक्षर ऐकलेलं नाही. रविवारी सकाळी दार उघडावं, तर ही पेपर हातात घेऊन उभी आणि पहिला प्रश्न, "काय पुढारी, आत्ता उजवं गेलं तर?"

तिच्या धंद्याचा नियमच तसा आहे. दर काही महिन्यांनी वैमानिकाला एका खोट्या विमानात बसवतात. हॉलमध्ये पायांवर उभा असलेला मोठा डबा, आत खऱ्यासारखं कॉकपिट. तिथे परीक्षक मागे बसतो आणि विमान धावपट्टी सोडत असतानाच, म्हणजे नेमक्या नको त्या क्षणी, एक इंजिन बंद पाडतो. कारखान्यात अशी परीक्षा घेतली तर आम्ही गेटवर निदर्शनं केली असती. ताई मात्र या डब्याबद्दल माहेरासारखं बोलते. तिच्या मते जगातली निम्मी संकटं इंजिन बंद पडल्यामुळे येत नाहीत, नंतर माणसं जी घाई करतात तिच्यामुळे येतात. "एका इंजिनावर विमान व्यवस्थित चढतं रे. ते बनवलंयच तसं. लोक काय करतात, घाबरून चालू असलेलंच बंद करतात." म्हणून काहीही बिघडलं की ही आधी काहीच करायची नाही. एकदा दोन बर्नरच्या गॅसवर एकीकडे माझा चहा, दुसरीकडे भाकरी, आणि डावा बर्नर फसकन विझला. ताईने शांतपणे आधी भाकरी उलटली. मग डाव्या बटणावर हात ठेवला, फिरवला मात्र नाही, आणि आईकडे बघून म्हणाली, "डावा. खात्री?" आई मराठवाड्यातल्या, पिंपरीत आयुष्य गेलं तरी बोली तशीच. त्या म्हणाल्या, "अगं, दिसंना का तुला? गॅस सुटायलाय! बंद कर की बये!" ताई म्हणाली, "आई, फक्त हो म्हण." आई हो म्हणाल्या. मग ताईने बटण बंद केलं. माझा चहा अर्थातच अर्धवट राहिला. त्याबद्दल तिने कधी खेद व्यक्त केलेला नाही.

हे 'डावं, उजवं, खात्री' प्रकरण म्हणजे तिचा प्राण. मी चळवळीतला माणूस. कुणाशी डावं-उजवं करू नये, सगळ्यांना एका मापाने मोजावं, हे मी पत्रकांतून हात दुखेस्तोवर लिहिलेलं. ते वाचून ताई म्हणाली, "तू करू नकोस बाबा. मला मात्र डावं-उजवं करण्याचाच पगार मिळतो." रिक्षात बसली की वळणाच्या आधी ती हात डावीकडे करून, तोंडाने 'डावीकडे' म्हणून, वर रिक्षावाल्याने ते परत म्हणावं अशी अपेक्षा करायची. चिंचवड स्टेशनवरचा एक म्हातारा रिक्षावाला मावळातला होता. त्याने मागे वळून एवढंच विचारलं, "ताई, डावीकडं नाला हाय. खात्री हाय का तुमास्नी?" ताई त्याच्यावर इतकी खूश झाली, की पुढे महिनाभर त्याच्याच रिक्षेची वाट बघत स्टेशनबाहेर उभी राहायची. बाकीचे रिक्षावाले त्याला विचारायचे, काय भावा, बाईंना काय पाजलंस?

तिचा खरा राग होता तो आपल्या 'हो हो' वर. आपल्याकडे समोरचा माणूस मोठा असला, की तो काय विचारतोय हे कळायच्या आत आपण हो म्हणतो. ती सभ्यता समजली जाते. सुपरवायझर विचारतो, झालं का? हो साहेब. पुढारी विचारतो, पटतंय ना? हो भाऊ. ताई विचारायची, "बघून म्हणालास का?" एवढंच, पण माणूस गारद व्हायचा. आमच्या बैठकीत मी मागण्यांचा मसुदा वाचून दाखवला, सगळ्यांनी हो म्हटलं, आणि दारात उभ्या राहून ऐकणाऱ्या ताईने तिथेच इंजिन पाडलं. "शेवटून दुसरी मागणी काय होती?" कुणालाच सांगता येईना. खरं सांगायचं तर मलाही. "अरे, विमान खाली चाललंय आणि तू पॅनेलवरची सगळी बटणं एकदम दाबतोयस," ती म्हणाली. "एक धर." मला त्या क्षणी तिचा जाहीर निषेध करावासा वाटला होता.

मग महाळुंग्याजवळच्या वळणावर तिची स्कूटर खड्ड्यात गेली. मागून येणाऱ्या ट्रेलरने वेळेवर ब्रेक लावला म्हणून ती आहे. पण डावा गुडघा मोडला, ऑपरेशन झालं, उड्डाण बंद. मी दवाखान्यात पोचलो तो पत्रकाचा मथळा डोक्यात तयार करूनच, 'खड्ड्याने वैमानिक पाडली'. ताईने पलंगावरून तो ऐकला आणि म्हणाली, "पाडली नाही. उतरले. जरा जोरात उतरले." तिने फोटोला ठाम नकार दिला. मी चिडलो, वाद घातला. शेवटी पत्रक निघालं ते तिच्या पद्धतीने, एकाच मागणीचं, की या वळणावरचा खड्डा बुजवा. बाकी काही नाही, धिक्कार नाही, बिनशर्त नाही. ते घेऊन आम्ही संबंधित कार्यालयात इतक्या वेळा गेलो, की तिथल्या शिपायाने आम्हाला पाहून आपणहून सांगायला सुरुवात केली, "तेच ना, वळणावरचा?" आणि खड्डा बुजला! माझ्या भरगच्च पत्रकांनी आजवर एक दगडही हलवला नव्हता, हे मी इथे नाइलाजाने नोंदवतो.

गुडघ्याचं मात्र एका मागणीत भागणार नव्हतं. विमानाचं एक इंजिन गेलं की ते त्या बाजूला ओढ खातं, आणि त्याला सरळ ठेवायला चालू इंजिनाच्या बाजूचं पेडल पायाने जोरात दाबून धरावं लागतं. उजवं गेलं तर सगळा भार डाव्या पायावर. डॉक्टरांनी पास केलं तरी त्या डब्यातली परीक्षा पुन्हा द्यायचीच होती. पाय डगमगला तर कॅप्टनकी संपली, कदाचित उडणंच. मी म्हटलं, "परीक्षकाने डावंच पाडलं तर? उजव्या पायावर भागेल की." ताई म्हणाली, "देवाच्या भरवशावर विमान चालवत नाहीत, पुढारी." भोसरीच्या एका वर्कशॉपमधून तिने ट्रकची स्प्रिंग लावलेली लोखंडी पेडलं करून आणली. वेल्डरने विचारलं होतं, ताई, हे कशासाठी? ती म्हणाली, विमान सरळ ठेवायला. तो म्हणाला, "मग थांबा, अजून एक टाका मारतो."

त्या पावसाळ्याआधीच्या सगळ्या संध्याकाळी गच्चीवर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, डावीकडच्या खुर्चीत कॅप्टन ताई, उजवीकडे सहवैमानिक म्हणून मी. मी 'उजवं!' असं ओरडायचं, तिने डावं पेडल दाबून धरायचं. तिच्या कपाळावरची शीर उभी राहायची, गुडघा सुतारपक्ष्यासारखा थरथरायचा, खालून आई ओरडायच्या, "जेवून तरी घ्या गं! इमान काय पळून चाललंय का?" पेडल धरल्याधरल्या ती शिकवायची, "जो पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन गेलं. डोळ्यांआधी पाय सांगतात." आणि मग दात आवळून विचारायची, "उजवं बंद करतेय. खात्री?" मी म्हणायचो, हो ताई. एकदा तिने मुद्दाम "डावं बंद करतेय, खात्री?" असं विचारलं. मी म्हणालो, हो ताई. तिने पेडल सोडलं. "सगळे मेले," ती म्हणाली. "तुझ्या सभ्यतेने." मी चळवळीतला माणूस, सत्तेला जाब विचारणारा! दुसऱ्या दिवसापासून मी मान वळवून तिचे दोन्ही पाय बघायचो आणि मगच तोंड उघडायचो. माझा हो यायला इतका उशीर व्हायला लागला, की ती कळवळून म्हणायची, "बघ रे, पण जरा लवकर बघ!"

परीक्षा दुसऱ्या शहरात होती. परत आली तेव्हा बॅग दारातच टाकून ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली, आणि आम्ही दोघं, आई आणि मी, तिच्या तोंडाकडे बघत होतो. परीक्षकाने उजवंच पाडलं होतं. विमान जमीन सोडताच उजवीकडे ओढलं, डाव्या पायाने पेडल दाबलं, गुडघ्यातून अशी कळ आली, की सगळं जग त्या डाव्या गुडघ्यात गोळा झालं. विमान मात्र सरळ राहिलं. पाय सुटला नाही. "आणि मग मी म्हणाले, डावं बंद करतेय." ताईने डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. "दुखत होतं ना डावीकडे. तोंडातून तेच आलं. शेजारचा पोरगेला वैमानिक, मी सीनियर. तो लगेच म्हणाला, खात्री, मॅडम."

"अगं माय!" आई म्हणाल्या.

"हात लिव्हरवर होता. चालू इंजिनाच्या. मग मला वाटलं, हा फार लवकर बोलला. मी विचारलं, बघून म्हणालास का? चक्क मराठीत! तो बिचारा लखनौचा. पण टोन कळला त्याला. त्याने बघितलं, मी माझे पाय बघितले. उजवा रिकामा होता. तो म्हणाला, मॅडम, उजवं."

परीक्षकाने सगळं पुन्हा करायला लावलं. पुन्हा उजवंच. या वेळी तिचं बोलणंही चुकलं नाही आणि त्या मुलाचंही. ती पास झाली. आम्ही सगळ्या मजल्याला पेढे वाटले. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, आम्हाला खात्री होतीच! ताईने त्यांना काही विचारलं नाही, हा तिचा त्या दिवशीचा मोठेपणा.

पुढे कंपनीने तिची नेमणूक लांबच्या शहरात केली. आईंना बरोबर चल म्हणाली, त्या गेल्या नाहीत. ताई महिन्यातून एखाद्या दिवशी येते, येते तशी जाते. परवा संध्याकाळी आई गच्चीवर वाळवलेल्या मिरच्या गोळा करत होत्या, मी परडी धरून उभा होतो. वरून एक विमान चाकणच्या दिशेने गेलं, आणि दिसेनासं होईपर्यंत त्या मान वर करून उभ्या राहिल्या.

"रोज तेल लावायचे मी तिच्या गुडघ्याला," आई म्हणाल्या. "मनात यायचं, ऱ्हाऊ दे थोडा कच्चा. घरी तरी ऱ्हाईल लेक." मग हातातल्या मिरच्या त्यांनी माझ्या परडीत टाकल्या. "पर हात काय माझं ऐकंनात. नीटच चोळायचे."