दुखरा हात आधी

मी चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते आणि जवळच्याच गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. जानेवारीत, सव्वीस तारखेच्या आधी वर्गाला रंग द्यायचं ठरलं, म्हणून भिंतीवरचे तक्ते काढायला मी बाकावर चढले. त्या बाकाचा एक पाय आखूड होता. हे मला सहा वर्षांपासून ठाऊक होतं. पाढ्यांचा तक्ता खिळ्यावरून निघाला आणि मी तक्त्यासकट उजव्या हातावर पडले. काडी मोडल्यासारखा आवाज आला. दुखलं मात्र लगेच नाही. मनगट नको तिथे वर उचललं गेलं होतं, आणि मी ते बघत बसले होते.

आमच्या शाळेतल्या दुसऱ्या बाईंनी हाताखाली लाकडी पट्टी ठेवून ओढणीने बांधलं. चोपड्याला एक्स-रे काढला. तिथल्या डॉक्टरांनी हाडाचे तीन तुकडे झाल्याचं सांगितलं आणि जळगावला पाठवलं. तोवर नवरा शेतातून येऊन पोचला होता. त्याच्या शर्टावर केळीच्या चिकाचे डाग होते. गाडीत तो सारखं विचारत होता, दुखतंय का. मी नाही म्हणत होते, कारण नेमकं काय होतंय ते मलाच कळत नव्हतं.

जळगावच्या दवाखान्यात नर्सने आधी बांगड्या बघितल्या. हात सुजून त्या रुतल्या होत्या. ती म्हणाली, "वाढवते हं ताई." तिने रुमाल गुंडाळून काचेच्या बांगड्या एकेक करून फोडल्या आणि पाटली कटरने कापली. पाटलीचे दोन तुकडे तिने कागदात बांधून नवऱ्याच्या हातात दिले. मला वाटलं होतं, या वेळी तरी रडू येईल. आलं नाही.

ऑपरेशन पूर्ण भूल न देता झालं. काखेपाशी इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळाने हात गेला. डाव्या हाताने मी त्याला हात लावून पाहिला तर कुणा दुसऱ्याच्या हाताला लावल्यासारखं वाटलं, गरम आणि जड. मधे हिरवा पडदा होता. पलीकडे सुतारकाम चालल्यासारखा आवाज येत होता, आणि डॉक्टर मदतनिसाला स्क्रूचे नंबर सांगत होते. मी छताचे चौकोन मोजत होते.

भूल उतरल्यावर हात दुखायला लागला आणि चांगलाच दुखला. पण भूल हातातून उतरली तशी बाकीच्या अंगातून उतरली नाही. घरी आल्यावर लोक भेटायला आले, मी त्यांच्याशी नीट बोलले. धुळ्याहून भाऊ आला, केळीवाल्यांच्या घरी एक डझन केळी घेऊन, आणि सगळे हसले. मीही हसले. नाशिकहून मुलगी आठ दिवसांची रजा काढून आली. ती मला भरवायची, अंघोळ घालायची, वेणी घालायची. जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "आई, तू बोलतेस, पण तू इथे नसतेसच." मी तिला सांगितलं की गोळ्यांनी गुंगी येते. गोळ्या तेव्हा बंद होऊन तीन दिवस झाले होते.

मुलगी गेल्यावर घरात आम्ही दोघंच राहिलो. नवऱ्याने स्वयंपाक शिकून घेतला, म्हणजे खिचडी आणि पिठलं. आंघोळीचं पाणी काढून द्यायचा, गाऊनच्या गुंड्या लावायचा. केस मात्र त्याला जमले नाहीत. एकदा प्रयत्न केला, गुंता ओढला गेला, आणि नंतर आम्ही तो विषय सोडून दिला. माझे केस कमरेपर्यंत आहेत. चार दिवस मी ते रबरात तसेच गोळा करून ठेवले.

पाचव्या दिवशी सकाळी माझी थोरली जाऊ दारात उभी होती. हातात फणी आणि तेलाची बाटली. आमच्यात आठ वर्षं बोलणं नव्हतं.

ते का नव्हतं, हे आता सांगायला हवं. आमच्या सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं जावेने केलं. मी सकाळी शाळेला जायची ती संध्याकाळी यायची. रविवारी तेवढं थोडं करायची. सासूबाई गेल्या तेव्हा तेराव्याच्या दिवशी मी पाहुण्यांसमोर रडले. खरंच रडू आलं होतं. आत्येसासूबाई म्हणाल्या की धाकटीचा फार जीव होता सासूवर. जाऊ चुलीपाशी पुऱ्या तळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "कराले नव्हती, रडाले शे."

सगळ्यांनी ऐकलं. मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, "मला नोकरी आहे, अक्का. तुम्ही घरात बसूनच होता, तुम्हाला दुसरं काय काम होतं?"

तिने झारा कढईच्या काठावर ठेवला आणि आत निघून गेली. उरलेल्या पुऱ्या दुसऱ्याच बायकांनी तळल्या. वर्षभरात भावांनी घर वाटून घेतलं, मधे भिंत आली, दोन दारं झाली. भाऊ भाऊ शेतात एकत्र असायचे, मोटारीचं पाणी वाटून घ्यायचे, सगळं नीट चालायचं. आम्ही दोघी अंगणात एकमेकींसमोरून जायचो आणि बघायचो नाही. तिची मुलं मोठी होऊन सुरतेला गेली, त्यातल्या एकाचं लग्न झालं, तेव्हाही मी आहेर केला तो नवऱ्याच्या हातून.

तर ती दारात उभी होती. मी बाजूला झाले. ती आत आली, खुर्ची उजेडात ओढली आणि मानेनेच बस म्हणाली. मी बसले. तिने खालून वर, थोडे थोडे केस हातात धरून गुंता काढला. एकदाही ओढलं गेलं नाही. तेल लावलं, वेणी घातली, फणीतले केस बोटाला गुंडाळून चुलीत टाकायला घेऊन गेली. मला त्या वेळी काय वाटलं, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर हेच की काही नाही. कृतज्ञता वाटायला हवी हे कळत होतं. लाज वाटायला हवी हेही कळत होतं. ज्या कप्प्यात हे सगळं असतं तो उघडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती पाणी तापवूनच घेऊन आली. मोरीत मला पाटावर बसवलं. प्लॅस्टरवर प्लॅस्टिकची पिशवी चढवून कोपराशी दोरी बांधली आणि हात वर, नळाच्या तोटीवर टेकवून ठेवायला लावला. पाठ चोळली. मग अंग पुसून गाऊन घालायची वेळ आली. मी सवयीने डावा हात पुढे केला.

ती म्हणाली, "दुखरा हात आधी."

तिने गाऊनची बाही गोळा करून स्वतःच्या हातात घातली, तिच्यातून माझी बोटं धरली आणि बाही माझ्या प्लॅस्टरवरून अलगद वर सरकवली. मग डोकं, मग चांगला हात. काढताना याच्या उलट, चांगला हात आधी, दुखरा शेवटी. दवाखान्यात नर्सनेही असंच केलं होतं, पण मुलीला आणि नवऱ्याला ते माहीत नव्हतं. ते दोघं रोज धडपडायचे आणि मी कळ सोसायची. जावेला कुणी सांगितलं असेल, असा विचार मनात आला आणि लगेच उत्तरही आलं. सासूबाईंची उजवी बाजू गेली होती. तीन वर्षं, रोज दोन वेळा, लुगडं आणि चोळी. ती हे तिथे शिकली होती.

तिने पाट भिंतीला उभा केला. बाहेर ट्रॅक्टर चालू होता.

पुढे सगळे दिवस सारखेच गेले. सकाळी साडेसातला ती यायची, साडेआठला जायची. लागतील तेवढेच शब्द. वळ. मान खाली. दुखस का? मी हो किंवा नाही म्हणायची. जाताना ती टोपल्यात दोन भाकरी ठेवून जायची, फडक्यात बांधलेल्या. नवरा खाताना म्हणायचा की वहिनीच्या हातच्या आहेत, आणि माझ्याकडे बघायचा. मी डाव्या हाताने भाकरी कुस्करत बसायची. डाव्या हाताने घास तोंडापर्यंत नेईतो अर्धा खाली पडायचा.

टाके काढले, प्लॅस्टर निघालं. आतून जो हात निघाला तो बघून नवऱ्याने मान फिरवली. बारीक झालेला, पिवळट, कातडीची खपली निघत असलेला, आणि त्याला वास येत होता. मनगटाच्या आतल्या बाजूने लांब लाल रेघ. डॉक्टरांनी अंगठ्याच्या बुडाशी कापूस फिरवला आणि समजतंय का विचारलं. समजत नव्हतं. येईल हळूहळू, नाहीतर थोडं राहील, असं ते म्हणाले. मग मूठ मिटायला सांगितलं. बोटं अर्धी येऊन थांबली.

जावेने त्या दिवशी कोमट पाण्यात मीठ टाकून तो हात धुतला. निघेल तेवढीच कातडी काढली, उरलेली तशीच राहू दिली. वासाबद्दल तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. चोपड्याच्या व्यायामवाल्या मॅडमनी कागदावर चित्रं काढून दिली होती. मनगट वर, खाली, तळवा आकाशाकडे. तळवा आकाशाकडे हे सगळ्यात अवघड. मॅडम म्हणाल्या होत्या की दुकानदाराकडून सुटे पैसे घेतो तसा हात करायचा. माझा हात तिरपा राहायचा, त्यावर काही ठेवलं तर घरंगळून पडलं असतं. जावेने जुन्या साडीच्या चिंध्यांचा घट्ट गोळा शिवून आणला आणि दाबायला दिला. दिवसातून चार वेळा, असं बोटांनी दाखवलं.

मार्चमध्ये मी शाळेत हजर झाले. मस्टरवर सही केली ती माझी सही वाटेना. मुख्याध्यापक म्हणाले, चालेल. फळ्यावर खांद्याच्या वर हात जात होता पण खडूवर जोर येत नव्हता. अक्षरं पुसट आणि मोठमोठी यायची, ओळ खाली उतरायची. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने तिसऱ्या दिवशी सांगितलं की बाई, तुम्ही सांगा, मी फळ्यावर लिहिते. मी तिला लिहू दिलं. पूर्वी मी दिलं नसतं, मला फळ्यावर माझंच अक्षर लागायचं. आता त्याचंही काही वाटलं नाही.

एकेक काम परत आलं. आधी चमचा, मग नळाची तोटी, मग कुलूप. भाकरी अजून नाही, कारण थापताना तळव्यावर भार येतो. पिळायचे कपडे नवरा पिळायचा. एका सकाळी जाऊ यायच्या आधीच मी परकराची नाडी स्वतः बांधली. गाठ सैल होती पण सुटली नाही. मग साडीही नेसले, निऱ्या वेड्यावाकड्या आल्या. जाऊ आली आणि दारातच थांबली. तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"आते तुन्हं तुले जमस," ती म्हणाली. वेणी तेवढी घालून दिली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही नाही. अंगणात दिसली तेव्हा पूर्वीसारखीच बाजूने निघून गेली. मी वाट बघत होते हे मला साडेसातला कळायचं, कारण खुर्ची मी आपोआप उजेडात ओढलेली असायची.

एप्रिलात शाळा सकाळची झाली. एका रविवारी मी तिच्या दारातून आत गेले. भिंत झाल्यापासून पहिल्यांदाच. खाली कुणी नव्हतं. वर गेले तर गच्चीवर ती बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होती. ज्वारीचं शिजवलेलं पीठ हाताने प्लॅस्टिकच्या कागदावर थापत होती, ऊन चढायच्या आत संपवायचं म्हणून घाईत. मी उभीच राहिले.

म्हटलं, "अक्का, तेराव्याला मी बोलले ते चुकीचं होतं. तुम्ही केलं ते काम मला जमलं नसतं."

तिने हातातला बिबडा पूर्ण थापला, कडा बोटाने सारखी केली. मग पाण्यात हात बुडवला.

"मी इसरनी नही," ती म्हणाली.

मी म्हटलं, मला माहीत आहे.

"आठ वरीस व्हयनात. आजबी नही."

मी मान हलवली. मग विचारलं की असं होतं तर फणी घेऊन आलात कशाला.

मी अंगणात चार दिवस तसेच केस घेऊन फिरत होते, ते तिला तिच्या दारातून दिसायचं. "तुन्हा डोकाकडे देखावत नव्हतं," ती म्हणाली. एवढंच. त्यात माफी नव्हती आणि राग पण नव्हता.

मला वाटलं होतं की हे बोलणं झालं की काहीतरी सुटेल, निदान डोळ्यांत पाणी तरी येईल. उन्हाने डोळे चुरचुरले तेवढेच. परत जावं की थांबावं हे ठरेना. तिने पहिल्या ओळीतल्या बिबड्यांकडे हनुवटीने खूण केली. ते वरून सुकले होते, उलटायला झाले होते.

मी खाली बसले. बिबडा उलटताना कडेखाली बोटं घालून अलगद सोडवावा लागतो, नाहीतर मधे फाटतो. पहिले दोन माझ्या हातून फाटले. तिने पाहिलं आणि पुढचा थापायला घेतला. पुढचे मी डाव्या हाताने सोडवले आणि उजव्याने नुसता आधार दिला. ती थापत पुढे सरकत होती, मी उलटत मागून येत होते. शेतातून आलेल्या तिच्या नवऱ्याने खालून चहा झाला का म्हणून हाक मारली, तिने जरा थांब असं सांगितलं.

पीठ संपलं तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. फाटलेले बिबडे तिने वेगळ्या ताटात ठेवले. मी हात धुऊन घरी आले आणि कुकर लावला.