पन्नास इंचांची वाट

रोंडा स्टेनरुड आमच्या पाटाची पाटकरीण, म्हणजे शेताशेताला पाणी वाटून देणारी. डोंगरातल्या पाणी सोडायच्या मुख्य दारापासून आमच्या शेतापर्यंत पाट एकतीस मैल, आणि आमचं शेत अगदी शेपटाला. पाटकरी कसा आहे, हे शेपटाच्या माणसाला सगळ्यांत आधी कळतं. वरचे लोक आपल्या पाण्याचं लोखंडी दार दोन बोटं जास्त उचलतात आणि विचारलं की म्हणतात, वाऱ्यानं सरकलं असेल. रोंडा अशा माणसाच्या अंगणात जाऊन थांबायची. उतरायची नाही, बोलायची नाही, नुसती बसून राहायची. पाचेक मिनिटांत तो माणूस टोपी घालून निघायचा आणि दार खाली करून यायचा. सत्तावीस उन्हाळे ती असंच पाणी वाटत आलीय. मी पाणीसंस्थेचा अध्यक्ष झालो तो केवळ ती होती म्हणून. नाहीतर हे काम कोण घेतो?

आधी ती घोड्यावरून फिरायची, मग चार चाकांच्या मोटरसायकलवरून. गेल्याच्या आधीच्या सप्टेंबरात सोळाव्या मैलापाशी काठ खचला आणि ती गाडी तिला घेऊन पाटात उलटली. गळ्याखालचं हाड मोडलं. पाणी कमी होतं म्हणून वाचली. पण तीन तास ती तिथंच चिखलात पडून होती, कारण कुणाला पत्ताच नव्हता.

पत्ता नव्हता म्हणजे काय, तर मी दुपारी दोनला तिच्या घरी फोन केला होता. आमचं पाणी अचानक उतरलं होतं. फोन तिच्या नवऱ्यानं, ऑरिननं उचलला.

"रोंडा पाटावर गेलीय," तो म्हणाला. "जेवायला येईल."

"अरे, दोन वाजले. अजून जेवली नाही?"

"मी जेवलो," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "तिचंही मीच खाल्लं वाटतं."

त्याच्या आवाजात काळजी नव्हती. एखाद्या पाहुण्यानं बोलावं तसा बोलत होता. तेव्हा मी ट्रक काढला आणि काठाकाठानं तिला शोधत गेलो. तिला वर ओढताना मी फोनचं सांगितलं, तर ती कळवळत होती ती थांबली. "किती दिवस असं चाललंय?" मी विचारलं. "वसंतापासून," ती म्हणाली. "कुणाला बोलू नकोस."

ऑरिन लोखंडाचं जोडकाम, वेल्डिंग करणारा. पाटावरचं एकही लोखंडी दार असं नाही की ज्याला त्याचा हात लागलेला नाही. हिवाळ्यात त्याचं विसरणं वाढलं आणि पाय थांबेनात. उठायचा, कोट घालायचा, निघायचा. दोनदा तो महामार्गावर सापडला. एकदा बर्फात, घरातल्या सपाता घालून. रोंडानं दाराला वरच्या बाजूला कडी बसवली. त्यानं ती बिजागरीसकट काढून टेबलावर नीट मांडून ठेवली. स्क्रू वेगळे, पट्टी वेगळी.

मार्चमध्ये संस्थेनं ठरवलं की पाटकरणीला आता उलटणारी गाडी द्यायची नाही. शेजारी-शेजारी दोन आसनं, डोक्यावर लोखंडी पिंजरा, मागं सामानाचा हौदा, अशी गाडी घ्यायची. इथं प्रत्येक शेतावर एक तरी असतेच. तालुक्याच्या गावी डुएन त्या विकतो. त्याच्याकडे दोन होत्या. धाकटी पन्नास इंच रुंद, दोघांपुरती, दारं नाहीत, बाजूला फक्त जाळी. मोठी चौसष्ट इंच, तिघांचं सलग बाक, काचेची बंद दारं, आत गरम हवा, हौदा दुप्पट. पैशांचा प्रश्न नव्हता. फरक फार नव्हता आणि संस्था देणार होती. मी रोंडाला म्हणालो, "चालवायची तुला आहे, तूच ठरव. एक मेला पाणी सोडायचं, त्याच्या दहा दिवस आधी मला सांग."

मला वाटलं, एका दिवसाचं काम आहे.

तिनं सोमवारी फोन करून धाकटी सांगितली. मंगळवारी मोठी. गुरुवारी ती डुएनकडे जाऊन दोन्हींमध्ये तासभर बसून आली. डुएन म्हणाला, "रोंडा, लोक नवरासुद्धा यापेक्षा लवकर ठरवतात."

"म्हणूनच तुझी तिसरी बायको आहे," ती म्हणाली आणि पुन्हा धाकटीत जाऊन बसली.

अडचण अशी होती. पाटाचे वरचे अडीच मैल दरीतून जातात. तिथं जंगलखात्यानं वाटेच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब रोवलेत. त्यांच्यामधून पन्नास इंचांपेक्षा रुंद काही जात नाही. मुख्य दार त्या वाटेच्या शेवटी. पाण्याच्या दिवसांत तिथं रोज जावंच लागतं. धाकटी गाडी खांबांतून जाते. मोठी घेतली तर पुढं पायी, जाऊन-येऊन पाच मैल. पण मोठीत दारं होती, कड्या होत्या, ऊब होती. ऑरिनला शेजारी बसवून दिवसभर फिरवता आलं असतं. आणि चालत्या गाडीत ऑरिन शांत बसायचा, एवढं तिला ट्रकवरून माहीत होतं.

"मग मोठी घे," मी म्हणालो. "वरच्या मुख्य दाराचं काम आपण दुसऱ्या कुणाला देऊ. सव्वीस वर्षं झाली, थोडं काम कमी कर."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाच माझ्या कॉफीत चमचा फिरवत बसलो. साखर मी घेत नाही.

ऑरिनची बहीण ग्लेनिस शेजारच्याच शेतावर राहते. मनानं चांगली, जिभेला हाड नाही. तिच्या स्वयंपाकघरात मी असताना हा विषय निघाला. ऑरिन पलीकडच्या खोलीत खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत होता. त्याच्या पावलांबरोबर कपाटातल्या बशा हलत होत्या.

"त्याला तालुक्याच्या वृद्धाश्रमात ठेव," ग्लेनिस म्हणाली. "तिथं कुलूप असतं. तू मग कुठली हवी ती गाडी घे."

"मे ते सप्टेंबर फक्त प्रश्न आहे, ग्लेनिस."

"आणि ऑक्टोबरात तो बरा होणार आहे का?"

 रोंडा मांसाच्या वडीचे तुकडे करत होती, एकाच्या जागी चार, चाराचे आठ.

"तुला वर एकटीला जायचंय," ग्लेनिस म्हणाली. "तेवढं एक बोल ना सरळ. मी काही पाद्रीबाबा नाही."

"हो, जायचंय," रोंडा म्हणाली. "मला तिथं कुणी नाव घेऊन हाका मारत नाही. बास?"

ग्लेनिसनं तिच्या हातातून सुरी काढून घेतली आणि म्हणाली, "बास. आता त्याला खायला दे, वडीचा भुगा झालाय."

मुदत संपायला दोन दिवस होते तेव्हा डुएननं मोठी गाडी एका दिवसासाठी चालवून बघायला दिली. त्या दिवशी काय झालं, ते रोंडानं मला संध्याकाळी आमच्या गोठ्याच्या कुंपणाशी उभं राहून सांगितलं. सांगताना ती एका जागी उभी राहत नव्हती. फाटकाची साखळी काढायची, लावायची.

ऑरिनला तिनं सकाळी आत बसवलं, पट्टा लावला, दार ओढून घेतलं. पाट कोरडा होता. काठानं ती दोघं वर निघाली. पहिल्या दहा मैलांत ऑरिन झोपला. हिवाळ्यापासून पहिल्यांदाच तो दिवसा झोपला होता. तिला इतकं हलकं वाटलं की तिनं मनात गाडी घेऊनही टाकली. तशीच ती दरीच्या तोंडापर्यंत गेली आणि खांबांपुढं थांबली. पुढं वाट दिसत होती. देवदारांच्या सावलीत अजून बर्फाचे पट्टे होते. ऑरिन झोपलेलाच होता. तिनं किल्ली खिशात टाकली, दारं लावली. पहिल्या वळणापर्यंत जाऊन येऊ, दहा मिनिटं, असं मनाशी म्हणाली.

"दहा मिनिटं नव्हती," रोंडा मला म्हणाली. "पहिल्या वळणावर गेले, मग दुसऱ्या. मग पाट दरीवरून नेणाऱ्या लाकडी पन्हळीपर्यंत गेले. तिथं बसले. मला माहीत होतं मी बसलेय. विसरले नव्हते. त्याला विसरायचा आजार आहे, मला नाही."

परत आली तेव्हा पाऊण तास झाला होता. ऑरिनच्या बाजूचं दार उघडं होतं. मोडलेलं नव्हतं. कडी सोडवून, पट्टा काढून, तो पट्टा आसनावर घडी घालून ठेवला होता.

ती वाटेनं खाली पळाली, मग वर पळाली. हाका मारल्या. नदी तिथून दोनशे पावलांवर, आणि बर्फ वितळायला लागल्यानं भरून वाहत होती. ती आधी नदीकडेच गेली. काठाच्या ओल्या मातीत पावलं शोधली. पावलं नव्हती, याचा तिला आनंद होण्याऐवजी भीतीच वाटली. परत येताना तिला पाटाच्या बाजूनं काहीतरी मोडल्याचा आवाज आला.

कचरा अडवायच्या जाळीपाशी, कोरड्या पाटाच्या तळात, ऑरिन उभा होता. हिवाळाभर वाऱ्यानं लोटून आणलेली काटेरी झुडपं तिथं छातीपर्यंत साठली होती. तो ती एकेक ओढून काठावर फेकत होता. हातमोजे नव्हते. दोन्ही हात मनगटापर्यंत रक्तानं माखलेले. अर्धी जाळी मोकळी झाली होती.

"कुठं गेली होतीस?" तो म्हणाला.

"वर. फिरायला."

"पाणी कधी सोडतायत?"

"एक तारखेला."

"मग बघत काय बसलीस?" तो म्हणाला. "तिकडची बाजू धर."

तिनं तिकडची बाजू धरली. दोघांनी मिळून जाळी साफ केली. मग तिनं त्याच्या तळहातांतले काटे काढले. तेवढा वेळ तो हालला नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर रोंडा मला म्हणाली, "धाकटी मागव."

"अगं, आज एवढं झाल्यावर? दारं नसलेली?"

"दार त्यानं उघडलंच ना. मी दारांसाठीच मोठी घेत होते. तो आत राहील, मी बाहेर. ते काही होत नाही. त्याला उतरायचंच असेल तर सोपं उतरता येऊ दे."

मी अध्यक्ष म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं. विमा, जबाबदारी वगैरे. मी बोललो, तिनं ऐकून घेतलं, आणि शेवटी कागदावर पन्नास इंचांचीच गाडी लिहिली गेली.

त्या उन्हाळ्यात ऑरिन आठवड्यातले चार दिवस तिच्या शेजारी बसला. प्रत्येक जाळीपाशी रोंडा त्याला उतरवायची, चामड्याचे हातमोजे घालायची आणि तो जाळी साफ करायचा. जिथं काही अडकलेलं नसायचं, तिथं ती आधीच पुढं जाऊन चार काटक्या टाकून यायची, असं ग्लेनिस सांगते. रोंडा ते नाकबूल करते. बाकीचे तीन दिवस ग्लेनिस त्याला ठेवून घ्यायची, तेव्हा रोंडा वर दरीत एकटी जायची. पण ज्यासाठी हट्ट केला ते सुख तिला काही लाभलं नाही. दरीत फोन लागत नाही. मुख्य दाराचं काम उरकून ती लगेच खाली यायची आणि खांबांपाशी येताच ग्लेनिसला फोन लावायची. पूर्वी जिथं दीड तास काढायची, तिथं आता वीस मिनिटं. आम्हाला शेपटाला पाणी मात्र कधी नव्हे इतकं वेळेवर मिळालं.

ऑगस्टमध्ये एकदा ऑरिन मधल्याच कुठल्यातरी दारापाशी उतरून खाली वाकून बघत राहिला. रोंडा म्हणाली, "काय झालं?" तो म्हणाला, "हे जोडकाम कुणाचंय? चांगलं केलंय." त्याचंच होतं. तिनं तसं सांगितलं, तर तो हसला. त्याला वाटलं, ती खोटी स्तुती करतेय.

फेब्रुवारीत त्याला तालुक्याच्या वृद्धाश्रमात ठेवलं. ग्लेनिसनं गाडी चालवली, रोंडा मागं त्याच्याशेजारी बसली. आता ती दर रविवारी जाते आणि पाण्याच्या दिवसांत बुधवारीही. तो तिला ओळखतो असं ती म्हणते. ग्लेनिस विषय बदलते.

या जूनमध्ये मी तिच्याबरोबर वर गेलो. तिसऱ्या दाराचा माणूस पाणी जास्त घेतो अशी तक्रार आली होती आणि मला मोजमाप डोळ्यांनी बघायचं होतं. वाटेत ती एकदम म्हणाली, "तू असतास तर कुठली घेतली असतीस?"

"मोठी," मी म्हणालो. खोटं कशाला बोलायचं?

"मला वाटलंच." तिनं एका खड्ड्याला वळसा घालून गाडी काढली. "मोठी घेतली असती तर हिवाळ्यातही त्याला फिरवता आलं असतं. गरम हवा होती तीत. कदाचित अजून एक वर्ष तो घरी राहिला असता."

"किंवा नसता."

"किंवा नसता," ती म्हणाली.

मुख्य दारापाशी तिनं मोजपट्टीवरचं पाणी वाचलं, वहीत आकडा लिहिला, चाक दीड वेढा फिरवलं. पाण्याचा आवाज बदलला. मी सावलीत बसायला दगड शोधत होतो तेवढ्यात तिनं गाडी सुरू केली.

"चल," ती म्हणाली, "हे पाणी तिसऱ्या दारापर्यंत पोचायच्या आत मला तिथं उभं राहायचंय. नाहीतर तिथला माणूस परत वाऱ्याचं नाव घेईल."