उरलेली फवारणी

४ सप्टेंबर १९७९. गहू निवडत होते, तेवढ्यात पत्र आलं. सूप तसंच बाजूला ठेवलं आणि पुण्याहून गाडी पकडली. मामेबहीण कुसुमचा नवरा महादेव गेला होता. तेरवीला (तेराव्याला) पोचायचं होतं.

सकाळी वर्ध्याला उतरले. तिथून एसटीने केळझर आणि पुढे पायी. काळ्या मातीत रुतून चपलेचा अंगठा तुटला, मग अनवाणीच चालले. दोन्ही बाजूंना हिरवीगार कपाशी, आणि वाऱ्यावर औषधाचा उग्र वास.

अंगणात पंगत बसली होती. वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी. वाढणाऱ्या शेजारणीला मी विचारलं, "झालं तरी काय?"

"कराचा दिवस होता, बाई." कर म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. त्या दिवशी इथले बरेच पुरुष पितात. "महादेव वावरातून लटपटत आला. तोंडाले फेस. पोट्टे हासले. म्हनलं, यंदा यानंबी घेतली."

महादेव कधीच पीत नव्हता. दिवसभर उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडावर दवाई (कीटकनाशक) फवारून आला होता.

"मीनंबी शिव्या देल्या," कुसुम भांडी घासता घासता म्हणाली. "सोयऱ्याइसमोर लाज आनली म्हनलं. ताक पाजलं, ओसरीत निजवलं. सकाळपरेंत उतरंन वाटलं. पिलेल्या मानसाले दवाखान्यात कोन नेते, ताई?"

सकाळी तो उठला नाही.

पाहुणे गेल्यावर कुसुमने पाठीवरचा पंप अंगणात आणून धुवायला घेतला.

"हा कशाला काढलास?"

"अर्धं वावर राह्यलं. अळी काई सुतक पाळत नाई."

"मजूर लाव."

"कोनी येऊन नाई राह्यलं. भेव वाटते सगळ्याइले."

"मग जाऊ दे पीक."

"अन् पोराइले काय चारू?"

तरी संध्याकाळपर्यंत मी तिला नको म्हणत राहिले. तिने पंप पालथा घातला आणि भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी मी सोडली. कुसुमला महादेवचा पूर्ण बाह्यांचा सदरा घातला, माझं जुनं पातळ फाडून तिच्या नाकातोंडावर बांधलं आणि वारा पाठीशी ठेव म्हणून सांगितलं. याचा कितपत उपयोग होईल, मला ठाऊक नव्हतं.

"लटपटले त हासू नोको," ती म्हणाली.

मी धुऱ्यावर (बांधावर) बसले. ती तासाच्या (कपाशीच्या ओळीच्या) टोकाला पोचली की मी हाक मारायची. तिची ओ आली की पुढचं तास.